प्रकल्पाचा श्वास चालू ठेवा
मोठ्या गृहसंकुलांत सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, म्हणजेच 'एसटीपी', आता परिचयाचा झाला आहे. त्याचा प्राण म्हणजे हवा पुरवणारा ब्लोअर. सोसायटीच्या खर्चात काटकसरीची कुऱ्हाड पडते, ती मात्र बहुधा याच यंत्रावर.

कार्य : वायुवीजन टाकीतील जिवाणू प्राणवायूच्या साहाय्याने मैला पचवतात. १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी ही पद्धत मांडली. ब्लोअरची हवा तळाशी बसवलेल्या डिफ्यूझरमधून बारीक बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात मिसळते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम असावा. वीजबिल वाचवण्यासाठी ब्लोअर रात्रभर बंद ठेवल्यास जिवाणू गुदमरतात आणि दुर्गंधी सुटते.

बिघाडाची लक्षणे : निरोगी टाकीतील पाणी तपकिरी असते व त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. पाणी काळे पडून सडक्या अंड्यांचा वास आल्यास हवा अपुरी आहे, असे समजावे. एकाच जागी पाणी जोराने उसळत असेल, तर तेथील डिफ्यूझरचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता असते. दाबमापकाचा काटा नेहमीपेक्षा वर गेल्यास डिफ्यूझर तुंबले असावेत किंवा झडप बंद असावी. दाब घटल्यास हवेचा फिल्टर, सैल पट्टा व नळीतील गळती तपासावी. वीजजोडणीच्या दुरुस्तीनंतर हवा येत नसेल, तर मोटर उलटी फिरत नाही ना, हे पाहावे.

देखभाल : तेलाची पातळी, पट्ट्याचा ताण, आवाज व तापमान यांची नोंद नियमित ठेवावी. फिल्टर वेळोवेळी साफ करावा. दोन ब्लोअर असल्यास ते आलटून पालटून चालवावेत. लोब पद्धतीचा ब्लोअर बाहेरची झडप बंद ठेवून कधीही सुरू करू नये. पट्ट्याला हात लावण्यापूर्वी वीजपुरवठा तोडावा.

सावधान : डिफ्यूझर बदलण्यासाठी कोणालाही तसेच टाकीत उतरवू नये. तेथील हायड्रोजन सल्फाइड वायू प्राणघातक असतो. तो वाढल्यावर घ्राणशक्तीच बधिर होते, म्हणून वास नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. संरक्षक साधनांविना गटार वा मलटाकीच्या सफाईसाठी माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. प्रक्रिया टाकीबाबतही तोच दंडक पाळावा. हे काम प्रशिक्षित व सुसज्ज पथकाकडेच सोपवावे.