रजईच्या पोटात काय असतं? लुगडं, कापूस आणि फायबरची गोष्ट

नेहमीसारखंच, हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप. लोकलमध्ये रेंज जाते, शेजारचा मोठ्यानं रील्स लावतो, अशांसाठी खास.

आजचा विषय अगदी घरातला आहे. थंडी पडली की आपण फोनवर रजई शोधतो. रंग बघतो, प्रिंट बघतो, स्टार मोजतो. आत काय भरलंय हे सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत असतं आणि तिथपर्यंत आपण स्क्रोल करत नाही. पण ऊब त्या प्रिंटमध्ये नसतेच. ती भरणात असते. अजून नेमकं सांगायचं तर भरणात अडकलेल्या हवेत असते. अंगाची उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच त्या हवेचं काम.

म्हणजे भरण निवडताना आपण हवा कशात धरून ठेवायची ते ठरवतो. आणि दबलेली हवा परत भरून कोण देणार, हेसुद्धा. या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास भारी आहे.

कापसाच्या मुलखात, बिनकापसाची गोधडी

माझं आजोळ हिंगणघाटजवळ. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या बाजारात एका जातीचं नाव होतं, इतका तिथला कापूस प्रसिद्ध. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या. मुंबईत पैशांचा पाऊस पडला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या गाठी बंदराकडे निघाल्या.

आणि त्याच भागात माझ्या आजीच्या गोधडीत कापसाचं एक बोंडही नव्हतं. आत काय, तर जुनी नऊवारी लुगडी, धोतरं, फाटके सदरे. थरावर थर आणि वरून धावदोरा. मी लहानपणी विचारलं होतं, आपल्या शेतात एवढा कापूस, मग गोधडीत का नाही? आजी म्हणाली, “कापूस इकाले असते बाबू, पांघराले लुगडं असते.”

या एका वाक्यात अख्खं अर्थशास्त्र आहे. कापूस हे नगदी पीक. त्यावर सावकाराचं देणं, सारा, लग्न सगळं उभं. घरात उरायचं ते वापरून मऊ झालेलं कापड. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, चौघडी म्हणा, बाळाचं दुपटं म्हणा, यात भरण म्हणजे कापडच.

पण याला फक्त गरिबी म्हणून सोडून देऊ नका. गोधडी नदीवर नेऊन धुता येते, आपटता येते, वाळवता येते. फाटली तर वरून अजून एक थर. तिला कुठल्याही कारागिराची गरज नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर झीरो डिपेंडन्सी. घरातली बाई सुई-दोरा घेऊन बसली की काम झालं.

कापूस आला की पिंजारी आला

कापूस भरलेली रजई किंवा दुलई मात्र वेगळी. शेतातून येतो तो कापूस, त्यात सरकी असते. सरकी काढली की रुई. पण रुई तशीच भरली तर गोळे होतात. ती पिंजावी लागते, म्हणजे प्रत्येक तंतू सुटा करून मध्ये हवा शिरवावी लागते.

हे काम पिंजाऱ्याचं. मोठं लाकडी धनुष्य, त्याला ताणलेली तात, हातात लाकडी ठोकळा. तात रुईत धरायची आणि ठोकायची. त्या कंपनानं तंतू उडतात, सुटे होतात, कचरा खाली पडतो. तो ‘टॅंव टॅंव’ आवाज गल्लीत आला की लोक गाद्या बाहेर काढायचे.

आता एक गंमत. अरबीत ‘हल्लाज’ म्हणजे कापूस पिंजणारा. सुफी मन्सूर अल-हल्लाज, ज्याला ९२२ मध्ये बगदादमध्ये मृत्युदंड दिला, त्याच्या नावातलं हल्लाज तेच. आपल्याकडचे कित्येक पिंजारी स्वतःला मन्सुरी म्हणवतात ते याच नात्यानं. राजस्थानातले संत दादू दयाल हेही परंपरेनुसार कापूस पिंजणारेच.

पिंजारी रजईचा फक्त विक्रेता नव्हता, तो तिचा मेंटेनन्स होता. दोन-तीन हिवाळ्यांनी कापूस दबतो, घाम आणि दमट हवा शोषून जड होतो. मग शिवण उसवायची, खोळ धुवायची, तोच कापूस परत पिंजायचा आणि परत भरायचा. रजई जुनी, ऊब नवी.

पण त्या आवाजाच्या आठवणीत फार रमू नका. पिंजताना उडणारी धूळ थेट फुफ्फुसात जाते. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. गिरण्यांमध्ये तो आधी ओळखला गेला. सुट्टीनंतर कामगार कामावर आला की त्याच दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची. आपली ऊब कुणाच्या तरी खोकल्यावर उभी होती, हेही या इतिहासात आलं पाहिजे.

टाके नक्षीसाठी नसतात

थोडं अमेरिकेत जाऊ, कारण तिथे भरणाचा धंदा कंपन्यांनी केला. १७९४ मध्ये एली व्हिटनीला कापसाच्या जिनचं पेटंट मिळालं. त्यावरून एक समजूत पसरली की जुनी रजई उजेडासमोर धरा, आत सरकीचे काळे ठिपके दिसले तर ती १७९४ च्या आधीची. ऐकायला मस्त, पण चूक. जिनमधून निघालेल्या कापसातही सरकीचे तुकडे राहतातच.

उजेडासमोर धरून खरं बघायचं असतं ते टाक्यांमधलं अंतर. सुटा कापूस भरला की तो धुताना सरकतो आणि एका कोपऱ्यात गोळा होतो. म्हणून जुन्या रजयांवर इंच-दोन इंचांवर टाके दिसतात. आपण त्याला नक्षी म्हणतो, पण आधी ती कापसाला जागेवर बसवायची सोय होती. १८४६ मध्ये सिनसिनाटीत सुरू झालेल्या स्टर्न्स अँड फॉस्टर कंपनीनं पुढे कापसाची सलग घडी विकली, वरून पातळ चिकट लेप दिलेली, म्हणजे तंतू सुटू नयेत. घडीच्या वेष्टनावर रजईचे नमुनेही छापले. भरण रेडिमेड झालं आणि टाके विरळ झाले.

गिरणीनं नाकारलेला कापूस

भरणासाठी कोणता कापूस चांगला? आपण म्हणू, लांब धाग्याचा, मऊ, महाग. उत्तर जवळपास उलटं आहे.

आपल्या देशी कापसाचा तंतू आखूड आणि जाड. लँकेशायरच्या यंत्रांना तो आवडायचा नाही, तुटायचा. म्हणून इंग्रजांनी इथे अमेरिकन जाती रुजवायचे प्रयत्न केले. पण हाच जाड तंतू दाबला की परत वर येतो, स्प्रिंगसारखा. धाग्यासाठी जो दोष, तोच भरणासाठी गुण.

हे जपान्यांनी बरोबर ओळखलं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकारानं निप्पॉन युसेन कैशाची मुंबई-जपान बोट सुरू झाली आणि आपला कापूस तिकडे जाऊ लागला. बहुतांश गिरण्यांसाठी, पण फुतोन बनवणाऱ्यांमध्ये भारतीय देशी कापसाला आजही मान आहे. तिथे दबलेला फुतोन परत पिंजून देण्याला ‘उचिनाओशी’ म्हणतात आणि ती सेवा अजून मिळते. यंत्रावर होते, पण होते.

आपल्याकडे? स्वातंत्र्याच्या वेळी बहुतेक सगळं क्षेत्र देशी कापसाचं होतं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि आज देशी कापूस थोड्याच टक्क्यांवर आलाय.

मग फायबर आलं

१९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिस्टर शोधलं. रजईत आज जे ‘फायबर’ असतं ते हेच, बऱ्याचदा आतून पोकळ केलेला, कुरळा तंतू. हलकं असतं, मशीनमध्ये धुता येतं, पटकन वाळतं. कारण साधं आहे. कापूस हवेतलं पाणी आपल्या वजनाच्या साधारण आठ टक्के धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणूनच त्यात घाम मुरत नाही आणि रात्री चिकट वाटतं.

मी गेल्या हिवाळ्यात घरची रजई घेऊन एका गादीवाल्याकडे गेलो. त्याचे वडील धनुष्य खांद्यावर घेऊन फिरायचे, हा मोटारीवरच्या यंत्रावर पिंजतो. तोंडाला गमछा. म्हणाला, “दादा, कापूस परत येतो माझ्याकडे. फायबरवाला गिऱ्हाईक परत येत नाही.” बरोबर आहे. फायबर दबलं की ते पिंजून पूर्ववत होत नाही, फेकावं लागतं. फेकलं की ते मातीत जिरतही नाही.

तर निवडायचं काय?

मुंबई-कोकणात राहत असाल तर चौघडी किंवा पातळ गोधडी पुरते. दमट हवेत जाड कापूस नुसता जड होतो. नागपूर, नाशिक, पुणे, जिथे कोरडी थंडी पडते आणि गच्चीत ऊन मिळतं, तिथे देशी कापसाची रजई घ्या. पण एका अटीवर, जवळ पिंजून देणारा हवा. हॉस्टेलवर असाल, दर महिन्याला मशीनमध्ये टाकायची असेल, घरात धुळीची ॲलर्जी असेल, तर फायबर घ्या, त्यात काही कमीपणा नाही. फक्त ते काही वर्षांचं आहे हे धरून चाला.

आमच्या रजईचं म्हणाल तर कापूस पिंजून घेतला, त्यात थोडी नवी रुई घातली. नव्या फायबरच्या रजईपेक्षा फार स्वस्त पडलं नाही. पण आमच्या भागात तो एकच गादीवाला उरलाय, आणि त्याचा मुलगा डिलिव्हरी करतो. आपण कापूस नेलाच नाही तर पुढच्या वेळी निवड आपल्या हातात नसेल.

तुमच्याकडे गोधडीला काय म्हणतात, आत काय भरतात, आणि पिंजारी अजून येतो का? व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात लावतो. आणि आज रात्री झोपताना रजईचं ते बारीक अक्षरांतलं लेबल एकदा वाचून बघा.