लक्ष्यवेधी औषधे व त्वचा (स्तनकर्करोग)

स्तनकर्करोगाच्या पेशींतील विशिष्ट प्रथिनांना रोखणाऱ्या औषधांचे त्वचा, केस व नखांवर होणारे दुष्परिणाम. लॅपॅटिनिब (अमेरिकेत मान्यता २००७) हे हर-२ या प्रथिनासोबत ईजीएफआर हा ग्राहीही अडवते. निरोगी त्वचेची वाढ याच ग्राहीवर अवलंबून असल्याने चेहरा, छाती व पाठीवर मुरमांसारखे पुरळ उठते. ती मुरमे मात्र नव्हेत. मुरमांवरची कातडी सुकवणारी मलमे लावल्यास त्रास वाढतो. जोडीला कॅपेसिटाबिन हे केमोथेरपीचे औषध असेल तर तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. हा दोष मुख्यतः कॅपेसिटाबिनचा.

आल्पेलिसिबचे (२०१९) पुरळ वेगळे. पीआयके३सीए जनुकात बदल असलेल्या रुग्णांना हे औषध देतात. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच अंगावर खाजरे, लालसर पुरळ येते. आधीपासून सेटिरिझिनसारखी ॲलर्जीरोधक गोळी दिल्यास त्याचे प्रमाण घटते. सावळ्या त्वचेवर लाली लपते, त्यामुळे गोऱ्या त्वचेची छायाचित्रे पाहून शिकलेली नजर येथे फसते. खाज, खरखरीत स्पर्श आणि मागे उरणारे काळे डाग पाहावेत. ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग किंवा कातडी सुटणे ही स्टीव्हन्स-जॉन्सन विकाराची लक्षणे असू शकतात. अशा वेळी औषध थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे लागते.