तळटीप : तिसऱ्या दिवशीही चालू असलेली मतमोजणी

लेखकाच्या या वाक्यावरून वाचकाने गोंधळाचा किंवा गैरप्रकाराचा अर्थ काढू नये. आयर्लंडमध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी, म्हणजे डॉलसाठी, एकेका मतदारसंघातून ३ ते ५ सदस्य निवडतात आणि मतदार उमेदवारांपुढे पसंतीचे क्रमांक लिहितो. वैध मतांना जागांपेक्षा एकाने मोठ्या संख्येने भागून त्यात १ मिळवला की विजयाचा कोटा मिळतो. कोटा ओलांडणाऱ्याची जादा मते, तसेच तळाच्या उमेदवाराची सगळी मते, पुढच्या पसंतीनुसार इतरांकडे जातात. अशा फेऱ्यांवर फेऱ्या होतात. आपल्या राज्यसभेची आणि विधान परिषदेची निवडणूक याच तत्त्वावर होते. फक्त तिथे लाखो सामान्य मतदार नसतात. आयर्लंडमध्ये मतपत्रिका अजून कागदीच आहेत. मतदानयंत्रे घेतली होती, पण लोकांचा विश्वास बसला नाही आणि २०१२ मध्ये ती भंगारात गेली. पसंतीक्रमाची ही पद्धत मोडण्याचा प्रस्ताव दोनदा सार्वमताला आला, १९५९ आणि १९६८ मध्ये. पहिल्या वेळी त्याच दिवशी डी व्हॅलेरा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, पण त्यांच्याच पक्षाचा हा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. दुसऱ्या वेळचा पराभव आणखी मोठा होता.

— संपादक