मधुमेहजन्य नेत्ररोगाची मोजणी

एखादी व्याधि समाजांत किती पसरली आहे, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं सोपा दिसतो. रोगी मोजावे, त्या संख्येस लोकसंख्येनें भागावें, कीं उत्तर हातीं आलें! परंतु जी व्याधि दुखत नाहीं, खुपत नाहीं, आणि दृष्टि अधू होईपर्यंत आपली चाहूलहि लागूं देत नाहीं, तिचे रोगी मोजावयाचे कोठें? मधुमेहामुळें डोळ्याच्या दृष्टिपटलास होणारा विकार अशाच गुप्त व्याधींपैकीं एक आहे. त्याची विश्वसनीय मोजदाद होण्यास प्रथम वर्णनापासून सव्वाशें वर्षें लागलीं. त्या मोजदादीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशीं योग्य प्रश्न विचारावयास शिकण्याचा इतिहास होय.

जिवंत माणसाच्या डोळ्यांतील मागचा पडदा पाहण्याची सोयच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हती. १८५१ सालीं हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें आपल्या नेत्रदर्शक यंत्राची माहिती प्रसिद्ध केली, आणि बाहुलीआडचें तें काळोखें दालन उजळलें. पुढें चारपांच वर्षांतच व्हिएन्ना येथील एडुआर्ड फॉन येगर यानें मधुमेही रोग्याच्या दृष्टिपटलावरील बदलांचें वर्णन केलें. परंतु हे बदल मधुमेहाचेच, हें मत तत्काळ मान्य झालें नाहीं. बर्लिनचे प्रख्यात नेत्रवैद्य आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांस तो संबंध पटेना, आणि वाद कित्येक वर्षें चालू राहिला. रोगाच्या अस्तित्वाविषयींच जेथें एकमत नाहीं, तेथें त्याची गणती कोण करणार?

त्यानंतर एक विलक्षण घटना घडली. १९२१-२२ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड व कॉलिप यांच्या परिश्रमानें इन्शुलिन हातीं आलें. तत्पूर्वीं बालपणीं मधुमेह जडलेला रोगी फार काळ जगत नसे. दृष्टिपटल बिघडण्यास जो अवधि लागतो, तोच त्याच्या वांट्यास येत नसे. इन्शुलिननें तो अवधि दिला, आणि त्याबरोबर नेत्रविकारासहि वाव मिळाला. कोणत्याहि वेळीं समाजांत आढळणारी रोग्यांची संख्या ही नवे रोगी किती होतात आणि ते रोगासह किती वर्षें जगतात, या दोन्ही गोष्टींवर अवलंबून असते. म्हणूनच औषधास यश आलें असतांहि, किंबहुना तें आलें म्हणूनच, अंधत्वाचा हा धोका वाढूं लागला.

या धोक्याचें मान ठरविण्यास वैद्यांपाशीं दीर्घकाळ एकच साधन होतें, तें म्हणजे रुग्णालयांतील नोंदवह्या. ज्यास अंधुक दिसूं लागलें, तो नेत्रवैद्याकडे जातो. ज्याची दृष्टि शाबूत, तो घरींच राहतो. साहजिकच रुग्णालयाच्या वहींत रोगाचें प्रमाण फुगलेलें दिसतें. उलट, आंत बिघाड सुरू होऊनहि ज्यास त्याची वार्ता नाहीं, तो कोणत्याच वहींत सांपडत नाहीं. आषाढांत पंढरीच्या वाटेवर उभें राहून महाराष्ट्रांतील प्रत्येक मनुष्य वारकरी आहे, असें अनुमान काढण्यासारखाच हा प्रकार होता.

१९७६ सालीं या प्रश्नास निकडीचें स्वरूप आलें. लेसर किरणांच्या उपचारानें गंभीर दृष्टिनाशाचा संभव निम्म्याहून अधिक घटतो, असें अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगानें त्या सालीं दाखवून दिलें. उपाय सांपडला, पण तो ज्यांना हवा, ते लोक किती आणि कोठें आहेत, हें कोणासच सांगतां येईना.

तें उत्तर विस्कॉन्सिन राज्यांत शोधण्यांत आलें. त्या राज्याच्या दक्षिण भागांतील अकरा परगण्यांत रोनाल्ड व बार्बरा क्लाइन या वैद्य दांपत्यानें १९७९ सालीं मोजणीस आरंभ केला. त्यांनीं नेत्ररुग्णालयाच्या दारांत माणसें मोजलीं नाहींत. सामान्य उपचार करणाऱ्या वैद्यांकडे ते गेले. ४५७ वैद्यांपैकीं ४५२ जणांनीं सहकार्य केलें, आणि वर्षभरांत तपासलेल्या मधुमेह्यांच्या याद्या तयार झाल्या. त्यांत १०,१३५ नांवें होतीं. त्यांपैकीं तिशीच्या आंत मधुमेह जडून इन्शुलिन घेणारे सर्व, आणि तिशीनंतर मधुमेह आढळलेल्यांतील एक शास्त्रशुद्ध नमुना, असे मिळून २,९९० जण निवडले गेले. प्रत्यक्षांत पहिल्या गटांतील ९९६ व दुसऱ्या गटांतील १,३७० लोकांची तपासणी झाली.

यंत्रें एका मोटारगाडींत बसवून ती लोकांच्या गांवांजवळ नेली जाई. प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलावरील सात ठरीव भागांचीं जोडछायाचित्रें घेतलीं जात. रोगाची पायरी एकाच वैद्याच्या नजरेवर सोंपविलेली नव्हती. ठरीव नमुनाचित्रांशीं ताडून ती निश्चित होई. गणतींत मोजणाऱ्याची नजर बदलली तर आंकडाहि बदलतो, हें त्या मंडळींनीं ओळखलें होतें.

१९८४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तरुण वयांत मधुमेह जडलेल्यांपैकीं ज्यांना पांच वर्षें झालीं नव्हतीं, त्यांत नेत्रविकाराचें प्रमाण शेंकडा १७ होतें. पंधरा वर्षें उलटलेल्यांत तें शेंकडा ९७.५ भरलें. उतारवयांतील गटांत हेच आंकडे शेंकडा २८.८ व ७७.८ होते. श्रोत्यांच्या लक्षांत येईल कीं, या दुसऱ्या गटांत पहिल्या पांच वर्षांतच प्रमाण अधिक आहे. याचें मुख्य कारण असें कीं, या लोकांचा मधुमेह निदानापूर्वींच कित्येक वर्षें गुपचूप चालू असतो. निदानाची तारीख ही रोगाची जन्मतिथि नव्हे.

या पाहणीसहि मर्यादा होत्या. तींत ज्यांचा मधुमेह ठाऊक होता तेच आले, आणि त्यांतील बहुतेक सर्व गौरवर्णीय होते. तेथील आंकडे जसेच्या तसे भारतास लावतां येण्यासारखे नव्हते. भारतांत पुढें ज्या पाहण्या झाल्या, त्यांतून भाजक बदलला कीं उत्तर कसें बदलतें, हें स्पष्ट दिसतें. चेन्नई येथें रक्त तपासून मधुमेही शोधण्यांत आले. २००५ सालच्या त्या वृत्तांताप्रमाणें ज्यांना आपला मधुमेह आधींच माहीत होता, त्यांत नेत्रविकार शेंकडा २०.८ होता, पाहणींतच ज्यांचा मधुमेह उघडकीस आला, त्यांत अवघा ५.१, आणि दोहों मिळून १७.६. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील पाहणीचा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. तींत मधुमेह्यांमध्यें हें प्रमाण शेंकडा १५.३७ आढळलें, पण सर्वसाधारण लोकांत तेंच केवळ १.४१ होतें. यांतील कोणताहि आंकडा खोटा नाहीं. कोणांपैकीं किती, एवढें विचारल्याखेरीज मात्र त्यांस अर्थ येत नाहीं.

मोजणीनें कोणाचे डोळे बरे होत नाहींत, हें खरें. परंतु दिसेनासें होईपर्यंत थांबणें म्हणजे उशीर करणें, हें मोजणीनेंच सिद्ध केलें, आणि मधुमेह्यांचे डोळे तक्रारीची वाट न पाहतां नियमानें तपासावे, ही प्रथा त्यांतून बळावली. इंग्लंडनें २००३ पासून अशी तपासणी राष्ट्रीय पातळीवर उभारली. १९९९-२००० सालीं इंग्लंड व वेल्समधील कामकरी वयाच्या लोकांत अंधत्वाच्या नोंदींचें पहिलें कारण मधुमेहच होतें. दहा वर्षांनंतरच्या नोंदींत, निदान पांच दशकांत प्रथमच, त्याचें तें स्थान सुटलें, आणि दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकारांकडे तें गेलें. अभ्यासकांच्या मतें या बदलाचें श्रेय नियमित तपासणीस व रक्तांतील साखरेच्या अधिक चांगल्या नियंत्रणास असावें. अकरा परगण्यांतून फिरलेल्या त्या मोटारगाडीनें जो धडा घालून दिला, त्याचा उपयोग असा झाला.