गोठलेल्या सरोवराची शीव

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन. या शहराला लागून मेंडोटा नावाचे सरोवर पसरले आहे. क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस किलोमीटर, आणि सर्वांत खोल जागी पाणी २५ मीटर. हिवाळ्यात हे सरोवर गोठले म्हणजे शहरातील माणसे गिरमिट आणि बादली घेऊन त्याच्या पाठीवरून चालत जातात, बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडतात, बादली पालथी घालून तिच्यावर बसतात आणि भोकातून गळ सोडतात. आपल्याकडे नदीच्या डोहाशी गळ टाकून बसलेला माणूस सर्वांनी पाहिलेला असतो. त्याला निदान पाणी तरी दिसते. कोठे भोवरा आहे, कोठे बुडबुडे येतात, कोठे झाडाची सावली पडली आहे, हे पाहून तो आपली जागा निवडतो. बर्फावरच्या माणसाला यांतले काहीच दिसत नाही. चहूकडे पांढरे सपाट मैदान, आणि त्यात भोक नेमके कोठे पाडायचे हा प्रश्न. त्यातही एकाच भोकातून दोन-तीन जातींचे मासे हाती लागावेत अशी जागा हवी, म्हणजे प्रश्न अधिकच बिकट.

हा प्रश्न आज हौशी माणसाचा झाला आहे. पूर्वी तो पोटाचा होता. ज्या मुलखात चार-चार महिने जमीन बर्फाने झाकलेली असते, तेथे एकाच जातीच्या माशावर भिस्त ठेवणे म्हणजे उपासमारीला आमंत्रण देणे. एक जात आठवडाभर आमिषाला तोंड लावीनाशी झाली, तर दुसरी तरी मिळाली पाहिजे.

युरोपच्या उत्तर भागात या गरजेला धर्माचीही जोड होती. ख्रिस्ती चर्चच्या जुन्या नियमाप्रमाणे शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात मांस वर्ज्य असे. मासे मात्र चालत. हा उपासकाळ नेमका हिवाळ्याच्या शेवटी येतो, म्हणजे स्वीडन आणि फिनलंड येथील सरोवरे अजून गोठलेलीच असतात तेव्हा. या देशांतील बर्फाखालच्या मासेमारीचे वर्णन ओलाउस माग्नुस या धर्मगुरूने लिहून ठेवले आहे. धर्मसुधारणेच्या धामधुमीत त्याला स्वीडन सोडावे लागले. पुढे उप्सालाचे आर्चबिशपपद त्याला मिळाले, पण ते नावापुरतेच. त्या पीठावर तो कधी बसू शकला नाही. रोममध्ये परागंदा अवस्थेत राहून त्याने उत्तरेकडील लोकांचा मोठा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला आणि १५५५ साली तो प्रसिद्ध केला. बर्फाला दोन मोठी भोके पाडायची, त्यांच्यामध्ये लहान भोकांच्या दोन रांगा खोदायच्या, लांब काठीला दोर बांधून ती एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत बर्फाखालून सरकवीत न्यायची आणि मग सबंध जाळे ओढून काढायचे, अशी ती रीत. जाळे ओढण्याच्या कामी घोडेही लावीत. दूर इटलीत बसून मायभूमीचा बर्फ आठवणाऱ्या या वृद्धाचे ते पुस्तक पुढे कित्येक भाषांत गेले.

जाळ्यापुढे मात्र जागेचा प्रश्न तितकासा अवघड नसतो. ते शेकडो हात पाणी चाळून काढते आणि वाटेत येईल ते सारे गोळा करते. खरी परीक्षा एका भोकाशी बसणाऱ्याची. उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या परिसरात राहणाऱ्या अनिशिनाबे लोकांनी ही विद्या फार पुढे नेली होती. शिकारी बर्फावर पालथा पडे आणि डोके व भोक यांच्यावर कांबळे किंवा कातडे ओढून घेई. वरचा उजेड बंद झाला की खालचे पाणी आपोआप उजळलेले दिसू लागते. भरदुपारी अंधाऱ्या खोलीच्या खिडकीतून अंगण दिसावे तसे. एका हाताने तो लाकडात कोरलेला लहानसा मासा पाण्यात नाचवी आणि दुसऱ्या हातात भाला सज्ज ठेवी. लाकडी माशाला भुलून पाइकसारखा मोठा शिकारी मासा जवळ आला की भाला सुटे. अशा रीतीने तासन् तास पाण्यात पाहत राहिलेल्या माणसाला कोणत्या जागेवरून कोणकोण ये-जा करते, याचे ज्ञान झाल्यावाचून राहत नाही. ते ज्ञान कोणी ग्रंथात लिहिले नाही. बापाने मुलाला जागा दाखविली, एवढेच. मेंडोटाच्या काठी हो-चंक लोकांची वस्ती होती. २०२१ साली या सरोवराच्या तळातून सुमारे १२०० वर्षांपूर्वीची, एकाच खोडातून कोरलेली होडी वर काढण्यात आली. तिच्याबरोबर जाळ्याला बांधायची सात दगडी वजने सापडली. तेथल्या मासेमारीचे वय त्यावरून ध्यानात यावे.

ग्रंथातले ज्ञान याच सरोवरावर निर्माण झाले, हा योगायोग खरा; परंतु विश्वविद्यालय अगदी काठावर असल्यामुळे तो घडून आला. एडवर्ड बर्ज हा तरुण प्राध्यापक १८७५ साली मॅडिसनला आला. १८९४ पासून त्याने मेंडोटातील सूक्ष्म जीवांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. पाण्यातील उष्ण आणि थंड थरांमधील सीमेला ‘थर्मोक्लाइन’ हे नाव त्यानेच रूढ केले. चॅन्सी ज्यूडे या सहकाऱ्यासह १९११ साली त्याने विस्कॉन्सिनच्या सरोवरांतील विरघळलेल्या वायूंवर ग्रंथ लिहिला. सरोवर म्हणजे एकजिनसी पाण्याचे भांडे नव्हे, तर ते मजल्यामजल्यांचे घर आहे, आणि प्रत्येक मजल्यावरची हवा वेगळी, हे या दोघांनी मोजमापांनी दाखविले. हिवाळ्यात या घराची रचना उलटी होते. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते, म्हणून बर्फाला टेकलेले पाणी शून्य अंशाजवळ आणि खाली जावे तसे अधिक उबदार. तेव्हा सारे मासे तळाशी जाऊन बसतील, असे वाटेल. पण तळाच्या चिखलात कुजणे चालू असते, बर्फामुळे वरून हवा मिळत नाही, बर्फावर हिम साचले तर उजेडही आत येत नाही. परिणामी हिवाळा सरत येतो तसा तळाचा प्राणवायू आटत जातो. ऊब खाली आणि श्वास वर, अशी माशांची ओढाताण असते.

या ओढाताणीतही प्रत्येक जातीचा स्वभाव निराळा. ए. एस. पीअर्स आणि हेन्रिएटा आक्टेनबर्ग यांनी १९२० साली पिवळ्या पर्च माशावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. हा मासा खाद्यासाठी प्राणवायू नसलेल्या खोल पाण्यातही काही काळ शिरतो, असे त्यांना आढळले. पाणबुड्या श्वास रोखून मोती काढावयास जातो, त्यातलाच प्रकार. पुढे आर्थर हॅस्लर आणि त्याचा सहकारी बार्डाख यांनी १९४९ साली पर्चच्या रोजच्या प्रवासाविषयी लिहिले. हॅस्लरने प्रतिध्वनीवरून खोली सांगणारे यंत्रही या कामी वापरले. उन्हाळ्यात पर्चचे थवे दिवसा खोल पाण्यावर फिरतात, संध्याकाळी काठाकडे वळतात आणि अंधार पडताच थवा मोडून तळाशी निवांत होतात. साल्मन मासा वासाच्या आठवणीवरून आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परततो, हे सिद्ध करणारा हॅस्लर तो हाच.

आता जागेचे कोडे थोडे सुटू लागते. पर्च उजेडात डोळ्यांनी पाहून खातो. वॉलआय नावाच्या माशाच्या डोळ्यांत मांजराच्या डोळ्यांसारखा चकाकणारा पडदा असतो. तो संधिप्रकाशात शिकारीला निघतो आणि पर्च हेच त्याचे आवडते भक्ष्य. ब्लूगिल पाणवनस्पतींच्या आश्रयाने राहतो. पाइक त्या वनस्पतींच्या कडेला दबा धरून असतो. म्हणजे यांतल्या प्रत्येकाचे गाव वेगळे. पण जेथे वनस्पती संपतात आणि तळ खोलाकडे उतरू लागतो, त्या शिवेवर सर्वांचे येणे-जाणे असते. दोन मुलखांच्या शिवेवरील बाजारात दोन्हीकडचा माल यावा, तसे हे आहे. बुडालेल्या भूशिराचे टोक, खडक आणि चिखल यांची सांधरेषा, नदी जेथे सरोवराला मिळते ते तोंड, या साऱ्या अशाच शिवा होत. त्यांतल्या एखाद्या शिवेवर दुपारी पर्च देणारे भोक दिवेलागणीला वॉलआय देते; भोक तेच, मासा बदलतो. अनुभवी माणूस म्हणून एकच भोक पाडून बसत नाही. उथळापासून खोलापर्यंत भोकांची ओळ पाडतो, शिशाचे वजन सोडून प्रत्येकाची खोली घेतो आणि न दिसणाऱ्या उताराचा नकाशा मनात उतरवितो. हल्ली हे काम लहानसे प्रतिध्वनियंत्र क्षणात करते. त्यामुळे जागा सापडणे सोपे झाले. ती गुप्त राहणे तितकेच अवघड.

मात्र यांतल्या काही जागा फसव्या आहेत. नदीच्या तोंडाशी प्रवाह असतो, काही ठिकाणी तळातून झरे येतात, भूशिराच्या टोकापाशी बर्फ तडकून त्याच्या भिंती उभ्या राहतात. जेथे पाणी हलते तेथे मासे जमतात, आणि तेथेच बर्फ पातळ राहतो. माणसाने पायी जाण्यासाठी निदान १० सेंटीमीटर जाडीचा स्वच्छ, टणक बर्फ हवा, असा साधारण नियम सांगतात. तो पाळणारा माणूस पावलागणिक पुढचा बर्फ पहारेने ठोकून पाहतो. जाणत्यांना चांगली जागा ठाऊक असून ते तिच्यापासून वीस-तीस पावले अलीकडे बसतात, ते याच कारणाने.

शिवाही कायमच्या नसतात. मेंडोटात सिस्को नावाचा एक चंदेरी मासा विपुल होता. त्याला थंड पाणी आणि भरपूर प्राणवायू ही दोन्ही एकाच जागी लागतात. १९८७ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस वरचे पाणी तापले, खालचे प्राणवायूवाचून गेले, आणि मधल्या मजल्यावर राहणारा हा मासा मोठ्या संख्येने मेला. त्याच्या भक्ष्यस्थानी पडणारे सूक्ष्म जीव त्यामुळे वाढले, त्यांनी पाण्यातील हिरवे शेवाळ खाल्ले आणि सरोवराचे पाणी निवळले. काठावरून पाहणाऱ्याला सरोवर सुधारल्यासारखे दिसले; एक मजला मात्र ओस पडला होता.

आणि छप्परही आखडत चालले आहे. मेंडोटा केव्हा गोठले आणि केव्हा सुटले याची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठेवलेली आहे. १८८०-८१ च्या हिवाळ्यात बर्फ १६१ दिवस टिकला. २००१-०२ मध्ये अवघे २१ दिवस. सर्व वर्षांचा कल पाहता, दीडशे वर्षांत बर्फाचा मुक्काम सुमारे महिनाभराने घटला आहे. या नोंदीची रीत अगदी साधी आहे. पिकनिक पॉइंट या भूशिरापासून समोरच्या मेपल ब्लफ या काठापर्यंत होडी जाऊ शकली, की सरोवर मोकळे झाले असे धरतात आणि तारीख लिहून ठेवतात.