महसीर माशाचे वय कसे ओळखतात?

पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात वैतरणा नदीवर तिळसे येथे शिवमंदिरालगतच्या डोहात महसीर मासे आहेत. देवाचे मासे म्हणून त्यांना अभय असते. गळाच्या मासेमारीत महसीराला मोठा मान आहे. दख्खनमधील ‘टॉर खुद्री’ या महसीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली मुळा-मुठा नदीतील माशांवरून केले.

केवळ आकारावरून माशाचे वय सांगता येत नाही. अन्न, पाण्याचे तापमान आणि दाटी यांनुसार एकाच वयाचे मासे लहान-मोठे असतात. वयाची खरी नोंद खवल्यांत सापडते. मासा वाढतो तसा खवला कडेने वाढत जातो. वाढ जोमात असताना त्यावरील सूक्ष्म रेषा विरळ असतात. वाढ मंदावली की त्या दाट होतात. हा दाट पट्टा म्हणजे वर्षवलय. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणेच ही वलये मोजतात.

त्यावरून पूर्वीची लांबीही काढता येते. समजा, ५० सेंटिमीटर लांबीच्या माशाच्या खवल्याची त्रिज्या १० मिलिमीटर असून पहिले वलय केंद्रापासून २ मिलिमीटरवर आहे. साध्या प्रमाणाने पहिल्या वर्षअखेरीस तो मासा सुमारे १० सेंटिमीटर लांब होता, असे ठरते.

मात्र येथे सावधगिरी हवी. थंड प्रदेशात हिवाळ्यामुळे वलय उमटते. सह्याद्रीतील नद्यांत तसा कडक हिवाळा नसतो. अन्नाची टंचाई किंवा प्रजननाचा ताण यामुळेही वलय उमटू शकते. वर्षात दोन वलये उमटली, तर वय दुप्पट मोजले जाईल. म्हणून दर महिन्याला नमुने तपासून वलय केव्हा उमटते, याची खात्री करावी लागते. गळून पुन्हा उगवलेला खवलाही निरुपयोगी, कारण त्यात सुरुवातीच्या वर्षांची नोंद नसते. वयस्क माशांत आंतरकर्णातील चुनखडीचे खडे अधिक विश्वसनीय ठरतात. पण ते काढण्यासाठी मासा मारावा लागतो. खवला काढून मासा जिवंत सोडता येतो.

या मोजणीवर नदीतील माशांचे भवितव्य अवलंबून असते. मासा किती वर्षांनी व किती लांबीचा झाल्यावर अंडी घालतो, हे कळले तरच पकडण्यासाठी किमान लांबी ठरवता येते. मोठी मादी अधिक अंडी देते. सुरुंग लावून डोहातील असे मासे एकदा मारले, की तेवढ्याच आकाराची मादी पुन्हा तयार होण्यास अनेक वर्षे लागतात. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीराची पिल्ले तयार केली जातात. परंतु नदीत सोडलेले पिल्लू मोठे होईपर्यंत जगले, तरच तो प्रयत्न फळाला येतो.