‘ओणय’ ते ‘ओणवा’ : वंदनविधीतील एका शब्दाचा इतिहास

न्यासाच्या सुवर्ण महोत्सवाप्रीत्यर्थ निघणाऱ्या स्मरणिकेत मंदिर, उपाश्रय, पाठशाळा आणि दानशूर पूर्वजांचा इतिहास येणे उचितच आहे. तथापि वास्तूंप्रमाणे शब्दांनाही इतिहास असतो. वंदनविधीतील ‘अवनत’ हा असाच एक शब्द. त्याचा अर्थ देहाने पुढे वाकणे, लवणे एवढाच दिसतो. परंतु शास्त्रकारांनी त्याचे स्थान, संख्या आणि मर्यादा निश्चित करून त्याला पारिभाषिक शब्दाची प्रतिष्ठा दिली आहे.

शब्दाचे कुळ

‘अव’ म्हणजे खाली आणि ‘नम्’ म्हणजे लवणे, यांपासून संस्कृतात ‘अवनत’ हे रूप सिद्ध होते. प्राकृतात ‘अव’चा ‘ओ’ आणि ‘न’चा ‘ण’ झाला. श्वेतांबर आगमांच्या अर्धमागधीत अंत्य ‘त’ लोपून ‘ओणय’ असे रूप झाले, तर दिगंबर ग्रंथांच्या शौरसेनीत ‘त’चा ‘द’ होऊन ‘ओणद’ झाले. याच धातूपासून आपल्या मायमराठीला ‘ओणवणे’ आणि ‘ओणवा’ हे शब्द मिळाले. लवणाचे लोण, नवनीताचे लोणी होताना ‘अव’चा ‘ओ’ झाला. ग्रामाचे गाव, नामाचे नाव होताना ‘म’चा ‘व’ झाला. हेच दोन्ही नियम येथे लागू पडतात. शेतात ओणव्याने निंदणी करणारी बाई आणि शाळेत अंगठे धरून ओणवा उभा राहिलेला विद्यार्थी आगमातील शब्दाच्याच भावंडाचा उच्चार करीत असतात, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

मराठी शब्दांची कुळे शोधण्याचे कार्य आपल्या खानदेशाला परके नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यात काढली आणि 1926 मध्ये तेथेच देह ठेवला. त्यांनी जमविलेली धातूंची व व्युत्पत्तींची सामग्री पुढे धुळ्याच्याच राजवाडे संशोधन मंडळाने कोशरूपाने प्रसिद्ध केली. प्राकृताच्या अभ्यासावाचून मराठीचा इतिहास पुरा होत नाही, आणि प्राकृताचे फार मोठे भांडार जैन ग्रंथांत सुरक्षित राहिले आहे, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगितली पाहिजे.

विधीतील स्थान

गुरुवंदनाला शास्त्रात ‘कृतिकर्म’ असेही नाव आहे. श्वेतांबर परंपरेत द्वादशावर्त वंदनाची पंचवीस आवश्यके गणली आहेत : दोन अवनत, एक यथाजात, बारा आवर्त, चार शिरोनमन, तीन गुप्ती, दोन प्रवेश आणि एक निष्क्रमण. गुरूंच्या सभोवतालचे साडेतीन हातांचे क्षेत्र हा त्यांचा ‘अवग्रह’. त्यात प्रवेश करण्यापूर्वी शिष्य अर्धा ओणवा होऊन अनुज्ञा मागतो, हेच अवनत. वंदनसूत्र दोनदा म्हटले जाते, म्हणून अवनतही दोन. म्हणजे येथे ओणवणे ही केवळ आदराची खूण नव्हे. गुरूंच्या समीप जाण्यासाठी केलेली ती मूक विनंती आहे. चैत्यवंदनभाष्यात आचार्य देवेंद्रसूरींनी सांगितलेल्या तीन प्रणामांतही अंजलिबद्ध आणि पंचांग यांच्यामध्ये ‘अर्धावनत’ प्रणाम आहे.

दिगंबर परंपरेत वट्टकेराचार्यांच्या मूलाचारातही कृतिकर्माच्या दोन अवनती, बारा आवर्त आणि चार शिरोनती सांगितल्या आहेत. त्यांतील एक अवनती पंचनमस्काराच्या आरंभी व दुसरी चतुर्विंशतिस्तवाच्या आरंभी होते. षट्खंडागमात मात्र अवनतींची संख्या तीन आढळते. संख्येत आणि स्थानात असा भेद असला, तरी शब्द एकच आहे आणि भावही एकच आहे. खानदेशात श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी असे सर्वच बांधव शेजारी नांदतात; त्या सर्वांना जोडणारा हा एक जुना धागा होय.

वाकणे आणि ओणवणे

मराठीत ‘वाकणे’ आणि ‘ओणवणे’ हे शब्द जवळचे वाटले तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. ‘वाकणे’ हे ‘वाकडा’चे सोयरे, त्याचे मूळ ‘वक्र’ शब्दात आहे. ‘ओणवणे’ हे ‘नमन’ आणि ‘नम्र’ यांचे सोयरे. दशलक्षण धर्मात मार्दव आणि आर्जव हे दोन धर्म लागोपाठ येतात. मार्दव म्हणजे मानाचा त्याग, आर्जव म्हणजे कपटाचा त्याग. देह ओणवा व्हावा, पण मन वाकडे होऊ नये, हे दोन्ही धर्मांचे एकत्र सार आहे. वंदनाच्या बत्तीस दोषांत ‘अनादृत’ आणि ‘स्तब्ध’ हे दोष आरंभीच सांगितले आहेत. आदरावाचून केलेले वंदन तो पहिला दोष. मनात वा देहात ताठा ठेवून केलेले वंदन तो दुसरा.

आवश्यक-निर्युक्तीच्या परंपरेत याविषयी प्रसिद्ध दृष्टांत आहे. श्रीकृष्ण वासुदेवांनी भगवान नेमिनाथांच्या अठरा हजार साधूंना द्वादशावर्त वंदन केले. त्यांच्या पाठोपाठ वीरक साळवी यानेही तसेच वंदन केले. श्रम दोघांचेही सारखे. परंतु श्रीकृष्णांचे ते भाव-कृतिकर्म ठरले आणि त्यांना क्षायिक सम्यक्त्वाची प्राप्ती झाली. वीरकाने केवळ आपल्या स्वामीला प्रसन्न करण्यासाठी अनुकरण केले, म्हणून ते द्रव्य-कृतिकर्म ठरले.

आजचे कर्तव्य

आजच्या मराठीत ‘अवनती’ म्हणजे अधःपात असा अर्थ रूढ झाला आहे. त्यामुळे विधीच्या पुस्तकात ‘दोन अवनती’ वाचणारे मूल गोंधळल्यास नवल नाही. उत्तराध्ययनाच्या एकोणतिसाव्या अध्ययनात तर वंदनाने नीच गोत्रकर्माचा क्षय होतो आणि उच्च गोत्राचा बंध होतो असे सांगितले आहे. व्यवहारात जी अवनती, ती धर्मात उन्नतीची पहिली पायरी ठरते! अर्थ न सांगता केवळ सूत्र पाठ करून घेतले, तर हा उलगडा कधीच होणार नाही.

म्हणून पाठशाळांतील शिक्षकांनी सूत्राबरोबर शब्दाचा अर्थ, आणि अर्थाबरोबर कृतीचे स्थान मुलांना दाखवावे, ही विनंती. ‘अवनत’ शब्द कठीण वाटला, तर ‘ओणवा’ म्हणावे; मुलाला तो घरचाच वाटेल. ज्या वृद्धांचे गुडघे आता साथ देत नाहीत, त्यांनीही खंत करू नये. वीरकाचा देह पुरेपूर लवला होता, उणीव होती ती भावाची. न्यासाच्या पुढील पन्नास वर्षांत वास्तू वाढोत, निधी वाढो. त्याबरोबर एका शब्दाचा अर्थही घराघरांत पोहोचो, हीच शासनदेवांच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!